‘वाजवी’ म्हणजे किती? फिरण्याचं स्वातंत्र्य आणि त्याच्या मर्यादा



आज आपल्याला एका लहानशा शब्दाविषयी बोलायचं आहे. शब्द आहे ‘वाजवी’. बाजारात तो आपण रोज वापरतो. भाव वाजवी आहे का, रिक्षावाल्यानं पैसे वाजवी सांगितले का. हाच शब्द आपल्या राज्यघटनेच्या १९व्या अनुच्छेदात आहे. प्रत्येक नागरिकाला भारतभर मुक्तपणे संचार करण्याचा हक्क आहे, असं तो अनुच्छेद सांगतो. आणि लगेच पुढे, पाचव्या खंडात, या हक्कावर ‘वाजवी निर्बंध’ घालता येतील असंही सांगतो. एका हातानं दिलं आणि दुसऱ्या हातानं काढून घेतलं, अशी टीका घटना तयार होत होती तेव्हाही झाली. आजही होते. ती खरी आहे का, हे आपण इतिहासाच्या आधारानं पाहू.

सुरुवात एका पुलापासून करू. जॉन स्टुअर्ट मिल यांचं ‘ऑन लिबर्टी’ हे पुस्तक १८५९ सालचं. स्वातंत्र्याची बाजू इतक्या जोरानं मांडणारी पुस्तकं थोडी. त्यात मिल एक उदाहरण देतात. एक माणूस पूल ओलांडायला निघालाय. पूल खचलेला आहे हे अधिकाऱ्याला नक्की माहीत आहे, त्या माणसाला नाही, आणि समजावून सांगण्याइतका वेळ नाही. अशा वेळी अधिकाऱ्यानं त्याला धरून मागे ओढलं तर ती स्वातंत्र्याची पायमल्ली नव्हे, असं मिल म्हणतात. कारण त्या माणसाला पलीकडे जायचं आहे, नदीत पडायचं नाही. पण मिल इथेच थांबत नाहीत. धोका नक्की नसेल, नुसता संभव असेल, तर शहाण्यासुरत्या माणसाला इशारा द्यावा आणि निर्णय त्याच्यावर सोडावा, असंही ते सांगतात.

हे उदाहरण आम्ही वर्गात वर्षानुवर्षं शिकवलं. मुलांना ते पुस्तकी वाटायचं. मग १५ जून २०२५ चा रविवार आला. मावळातल्या कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीनं कोसळला आणि चार माणसं गेली. पूल धोकादायक आहे हे आधीच माहीत होतं, तसा फलकही होता. पण फलक माणसाला अडवत नाही. तिथे कोणी हात धरून मागे ओढलं असतं, तर त्याच्याशी आपण भांडलो असतो. ‘आम्ही काय लहान आहोत का?’ असंही म्हणालो असतो. आणि तरी ते अडवणं वाजवीच ठरलं असतं.

म्हणजे निर्बंध आला की गुलामी आली, असं मानणाऱ्यांना हा पूल उत्तर मागतो. पण दुसऱ्या बाजूलाही एक प्रश्न आहे. धरणाऱ्या हाताला पूल खचलाय हे खरंच माहीत आहे का? की त्याला माणसालाच धरायचं आहे आणि पुलाचं निमित्त आहे? आपल्याकडच्या इतिहासात हे दोन्ही हात दिसतात, आणि कधी कधी एकाच हातात दोन्ही हेतू दिसतात.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत मांडवी भागात गाठीच्या तापाचे रोगी सापडायला लागले. मूळचे गोव्याचे डॉक्टर अकॅसियो व्हिएगस यांनी हा प्लेग आहे असं निदान केलं. त्या वेळी मुंबईची वस्ती सव्वाआठ लाखांच्या आसपास होती. पुढच्या चार-पाच महिन्यांत साडेतीन लाखांवर माणसं शहर सोडून गेली. गिरणी कामगार, गोदीतले हमाल, घरगडी असे सगळे कोकणात, घाटावर, गुजरातेत आपापल्या गावी निघाले. संकट आलं की माणूस गावाची वाट धरतो. आजार मात्र त्याच आगगाडीतून पुढे निघाला, आणि पुण्यात पोचला.

सरकारवर दडपण होतं ते परदेशातून. फेब्रुवारी १८९७ मध्ये व्हेनिसला आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषद भरली. हिंदुस्थानातून येणारी जहाजं आणि माल अडवण्याची भाषा युरोपातली राष्ट्रं करत होती. तेव्हा प्लेग आवरायचा होता तो माणसं वाचवण्यासाठी तर होताच, पण व्यापार वाचवण्यासाठीही होता. त्या वर्षी मुंबईहून हजला निघणाऱ्या यात्रेकरूंनाही थांबवण्यात आलं. आणि ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा आला. अवघ्या चार कलमांचा. दुसऱ्या कलमानं सरकारला हवे ते उपाय करण्याची मुभा दिली, त्यात रेल्वेनं किंवा इतर मार्गानं प्रवास करणाऱ्यांची तपासणी आणि संशयितांना वेगळं ठेवणं हे स्पष्ट लिहिलेलं आहे. तिसऱ्या कलमात शिक्षा. चौथं कलम असं की, या कायद्याखाली सद्भावनेनं काही केलं तर कोणावर दावा लावता येणार नाही. आता या चार कलमांत काय नाही ते बघा. निर्बंध किती दिवस टिकेल, ते नाही. अडवलेल्या माणसाच्या पोटाचं काय, ते नाही. दाद कुठे मागायची, ते तर नाहीच. उलट दादीची वाट चौथ्या कलमानं अडवली.

मग रेल्वे स्टेशनांवर तपासणी सुरू झाली. गाडीतून उतरवायचं, रांगेत उभं करायचं, काखेत आणि जांघेत गाठ आहे का ते चाचपायचं. बायकांनाही यातून सुटका नव्हती. सगळ्यात जास्त जाच तिसऱ्या वर्गाच्या प्रवाशांना. ज्याच्याकडे वरच्या वर्गाचं तिकीट आहे त्याला रोग होत नाही असं काही वैद्यकशास्त्र सांगत नव्हतं, पण अंमलबजावणी मात्र तशी चालायची.

पुण्यात प्लेग समितीचा अध्यक्ष म्हणून वॉल्टर रँड आला. मार्चपासून मे महिन्यापर्यंत गोरे सोजीर घरोघर झडत्या घेत होते. देवघरात, माजघरात बूट घालून जायचे, सामान रस्त्यावर फेकायचे, माणसांना रुग्णालयात नाहीतर सेग्रिगेशन कँपात न्यायचे. पुढचं आपल्याला पाठ आहे. २२ जून १८९७ ची गणेशखिंडीची रात्र, चापेकर बंधू, रँड आणि आयर्स्ट यांचा मृत्यू, टिळकांवर राजद्रोहाचा खटला आणि अठरा महिन्यांची शिक्षा.

पण ही गोष्ट सांगताना आपण एक तपशील नेहमी गाळतो. टिळकांनी रोग्याला वेगळं ठेवण्याला विरोध केलेला नव्हता. पुढारी म्हणवणारे पुणं सोडून निघाले, तेव्हा त्यांनी त्यांना फटकारलं आणि स्वतः शहरात थांबले. हिंदू रोग्यांसाठी वेगळं इस्पितळ उभं राहावं म्हणून खटपट केली. घरं स्वच्छ ठेवा, रोगी लपवू नका, हे तेही सांगत होते. त्यांची तक्रार होती ती पद्धतीबद्दल. अपमानाबद्दल, सोजिरांबद्दल, आमच्या माणसांना विश्वासात न घेण्याबद्दल. सरकारच्या हेतूंवर टिळकांइतकी टीका न करणाऱ्या पंडिता रमाबाईंनीसुद्धा ‘बॉम्बे गार्डियन’ला पत्र लिहून पुण्यातल्या प्लेगच्या व्यवस्थेबद्दल जाहीर तक्रार केली. आणि सावित्रीबाई फुले यांनी काय केलं ते तर आपण सगळे जाणतो. मुलगा यशवंत डॉक्टर होता. त्याच्या दवाखान्यात रोग्यांची सेवा करताना त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. रोग्यापासून दूर राहा असं सरकार सांगत होतं तेव्हा त्या जवळ गेल्या. त्यांनी निर्बंध झुगारला असं आपण म्हणणार का? आम्हाला वाटतं, निर्बंधात जी गोष्ट सरकार विसरलं होतं ती त्यांनी भरून काढली. ती म्हणजे शुश्रूषा.

शास्त्राची बाजूही बघू. प्लेगचा जंतू १८९४ साली हाँगकाँगमध्ये सापडला होता. पण तो माणसापर्यंत कसा पोचतो हे माहीत नव्हतं. पॉल-लुई सिमोंद यांनी १८९८ साली कराचीत प्रयोग करून दाखवलं की उंदराच्या अंगावरच्या पिसवा हा रोग पसरवतात. ते सर्वमान्य व्हायला आणखी काही वर्षं गेली. म्हणजे रेल्वेच्या फलाटावर जी माणसं उघडी करून चाचपली जात होती, त्यांच्याच बाजूनं धान्याच्या पोत्यांतून उंदीर सुखानं प्रवास करत होते! सरकारला पूल खचलाय हे कळलं होतं, पण कुठे खचलाय हे कळलं नव्हतं. आता न कळणं हा गुन्हा नव्हे. अर्धवट माहितीवर निर्णय घ्यावे लागतात, ते आपल्यालाही लागतात. पण ज्याला आपलं ज्ञान अपुरं आहे हे माहीत आहे, त्यानं हात जरा हलका ठेवायचा असतो. मार्च १८९८ मध्ये मुंबईत झडतीवरून दंगल झाली. त्यानंतर सरकारनं हळूहळू सक्ती सैल केली आणि स्थानिक माणसांची मदत घ्यायला सुरुवात केली. लोकांचा विश्वास नसेल तर रोगी लपवले जातात, आणि रोगी लपवले की निर्बंधाचा हेतूच फसतो, हे शहाणपण उशिरा आलं.

प्लेगच्या बाबतीत निदान रोग तरी खरा होता. दुसरा एक निर्बंध असा की ज्यात रोगही नव्हता. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा. काही जमाती जन्मानंच गुन्हेगार आहेत असं ठरवून त्यांची नोंद करायची, पोलिसाकडे किंवा पाटलाकडे हजेरी लावायची, परवान्याशिवाय गावाची हद्द ओलांडायची नाही. सुरुवातीला तो उत्तरेकडे लागू होता. १९११ च्या दुरुस्तीनं तो सगळ्या ब्रिटिश हिंदुस्थानात लागू करता येऊ लागला आणि मुंबई इलाख्यातही आला. सोलापूरच्या सेटलमेंटमधल्या तारेच्या कुंपणाच्या आठवणी आपल्याकडच्या भटक्या-विमुक्तांच्या घराघरांत आहेत. ज्यांचं पोटच फिरण्यावर, बैलाच्या पाठीवर मीठ-धान्य वाहण्यावर, खेळ करून दाखवण्यावर, त्यांचं फिरणं हाच गुन्हा ठरला. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला. म्हणजे देश स्वतंत्र झाल्यावर पाच वर्षं आणि राज्यघटना लागू झाल्यावर अडीच वर्षं ही माणसं कुंपणातच होती. त्यांचा स्वातंत्र्यदिन ३१ ऑगस्टला येतो, तो यासाठी.

दोन्ही उदाहरणं शेजारी ठेवली की फरक दिसतो. प्लेगचा निर्बंध एका धोक्यावर होता आणि तो वाईट रीतीनं राबवला गेला. जमातीचा निर्बंध माणसांवर होता. तो कितीही सभ्यपणे राबवला असता, सोजिराऐवजी हसतमुख कारकून ठेवला असता, तरी तो वाजवी झाला नसता. म्हणून पहिला प्रश्न विचारायचा तो हा: अडवता आहात ते धोक्याला की माणसाच्या जातीला?

या अनुभवांतून आलेली माणसं १९४८ साली संविधान सभेत बसली होती. मसुद्यात निर्बंधांची तरतूद होती, पण ‘वाजवी’ हा शब्द सगळीकडे नव्हता. पंडित ठाकूरदास भार्गव यांनी दुरुस्ती सुचवली की ‘निर्बंध’ या शब्दाआधी ‘वाजवी’ घाला. ती स्वीकारली गेली. वरवर बघता एका विशेषणाची भर. पण त्या विशेषणामुळे प्रश्न विचारण्याचा अधिकार न्यायालयाकडे आला. तो शब्द नसता तर सरकारनं ‘जनहितासाठी’ म्हटलं की विषय संपला असता. शब्द आला आणि विषय तिथून सुरू व्हायला लागला.

आणि तो लगेच सुरू झाला. राज्यघटना लागू होऊन चार महिने झाले होते. डॉक्टर नारायण भास्कर खरे, मध्यप्रांताचे एके काळचे मुख्यमंत्री, तेव्हा हिंदू महासभेचे अध्यक्ष. त्यांना दिल्लीतून तीन महिने बाहेर राहण्याचा हुकूम मिळाला. आपल्या भाषेत तडीपारी. तडी म्हणजे काठ, कड. हद्दीच्या काठापलीकडे घालवणं. खरे सर्वोच्च न्यायालयात गेले. २६ मे १९५० रोजी निकाल लागला, तीन विरुद्ध दोन. खरे हरले. पण सरन्यायाधीश कानिया यांच्या निकालानं एक गोष्ट पक्की केली. कायद्यातला मजकूर वाजवी असून भागत नाही, त्याची कार्यपद्धतीही वाजवी असली पाहिजे. कारण सांगितलं का, मुदत आहे का, म्हणणं मांडायची संधी आहे का, हे सगळं तपासलं जाईल. विरोधी मत देणाऱ्या न्यायमूर्ती मुखर्जी आणि महाजन यांना नेमकी हीच गोष्ट खटकत होती की त्या पंजाबी कायद्यात काही हुकमांना मुदतच नव्हती. खरे यांचं राजकारण आपल्याला पटो न पटो. हक्काचा खटला ज्याचं राजकारण आपल्याला पटत नाही त्याच्याच नावानं उभा राहिला, हे चांगलंच झालं. आपल्याला आवडणाऱ्या माणसाचा हक्क मान्य करायला काही लागत नाही.

पुढे १९५२ मध्ये व्ही. जी. राव यांच्या खटल्यात न्यायालयानं वाजवीपणाची कसोटी आणखी स्पष्ट केली. कोणत्या हक्कावर घाला आहे, निर्बंधाचं प्रयोजन काय, ज्या अनिष्टाला आवर घालायचा ते किती मोठं आणि किती तातडीचं, आणि निर्बंध त्या मानानं जास्त तर नाही ना, हे पाहायचं. १९७८ साली मनेका गांधी खटल्यात परदेशप्रवासाचा प्रश्न आला. त्यांचं पारपत्र सरकारनं ताब्यात घेतलं होतं आणि ‘सार्वजनिक हितासाठी’ म्हणून कारण द्यायला नकार दिला होता. न्यायालयानं सांगितलं की कार्यपद्धती न्याय्य आणि वाजवी हवी, माणसाचं ऐकून घेतलं पाहिजे. आणि अगदी अलीकडे, जानेवारी २०२२ मध्ये, जालना जिल्ह्यातल्या एका तडीपारीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की तडीपारी हा असाधारण उपाय आहे, आणि कायद्यातली कमाल दोन वर्षांची मुदत द्यायची तर तेवढी का, याचा विचार झालेला दिसला पाहिजे. बघा, पुन्हा तेच: कारण आणि मुदत.

राज्यघटनेतल्या त्या पाचव्या खंडात आणखी एक आधार आहे, तो सहसा कोणी वाचत नाही. सर्वसाधारण जनतेच्या हितासाठी, किंवा अनुसूचित जमातींच्या हितरक्षणासाठी, असं तिथे म्हटलंय. अंदमानातल्या उत्तर सेंटिनेल बेटावर तुम्हाला-आम्हाला जाता येत नाही, ते १९५६ च्या विनियमाप्रमाणे. नोव्हेंबर २०१८ मध्ये एक अमेरिकन तरुण ते मोडून गेला आणि मारला गेला. पण तो नियम फक्त अशा तरुणांच्या रक्षणासाठी नाही. तो बेटावरच्या माणसांसाठी आहे. आपल्याला साधा वाटणारा ताप तिथे वस्तीच्या वस्ती संपवू शकतो. इथे आपलं फिरणं हाच दुसऱ्याचा खचलेला पूल आहे. अशा निर्बंधाविरुद्ध कुरकुर करायची गरज आहे, असं निदान आम्हाला तरी वाटत नाही.

आता आपल्या सगळ्यांच्या अनुभवाकडे येऊ. १३ मार्च २०२० रोजी महाराष्ट्रानं तोच १८९७ चा चार कलमी कायदा लागू केला. २४ मार्चला रात्री आठ वाजता पंतप्रधानांनी सांगितलं की मध्यरात्रीपासून एकवीस दिवस देश बंद. हातात चार तास. रोग खरा होता, लस नव्हती, आणि माणसामाणसांतलं अंतर हाच तेव्हा मोठा उपाय होता. निर्बंध हवाच होता असं आम्हाला तेव्हाही वाटलं, आजही वाटतं. आम्ही घरात बसलो. आमच्यासारख्या पेन्शनरांना त्यात त्रास काय होता? पहिल्या तारखेला बँकेत पैसे जमा होत होते, भाजी सोसायटीच्या दारात येत होती. आम्ही नियम पाळले आणि आपण जबाबदार नागरिक आहोत असं स्वतःला सांगत राहिलो.

८ मे २०२० च्या पहाटे करमाडजवळ, जालना आणि औरंगाबादच्या मध्ये, रेल्वेच्या रुळांवर झोपलेल्या सोळा कामगारांवरून मालगाडी गेली. जालन्यातल्या पोलादाच्या कारखान्यात काम करणारी ही माणसं मध्य प्रदेशातली. काम बंद, मजुरी बंद. गावी जाणारी गाडी मिळेल म्हणून रुळांच्या कडेनं चालत निघाली होती. थकली आणि तिथेच झोपली. गाड्या बंद आहेत, असं त्यांना वाटलं असणार. दुसऱ्या दिवशी पेपरात रुळांवर पडलेल्या भाकरींचा फोटो होता.

१८९७ च्या त्या कायद्यात जी कलमं नव्हती, ती २०२० मध्येही नव्हती. अडवलेल्या माणसाच्या पोटाचं काय? त्याला घरी जायचं असेल तर कसं? हे प्रश्न ज्यांनी विचारायचे, ते आपण घरात सुरक्षित बसलो होतो. म्हणून आम्हाला असं वाटतं की ‘निर्बंध शहाणपणाचा आहे, तो मान्य करा’ हे वाक्य अर्धं आहे. एकच निर्बंध, पण एकाला तो सुट्टीसारखा जातो आणि दुसऱ्याला तो रुळांवर नेतो, तर पहिल्यानं तो मान्य केला याला नैतिक वजन काय? निर्बंध मान्य करायचा तर त्याची किंमतही वाटून घ्यावी लागते. ज्याचा रोजगार बुडतो त्याला मजुरी, ज्याचं घर लांब आहे त्याला गाडी, आणि त्यासाठी लागणारा पैसा आपल्या सगळ्यांच्या करातून. इतकं केलं तरच ‘वाजवी’ हा शब्द तोंडी शोभतो.

त्याच वर्षीचं दुसरं चित्र वारीचं. शेकडो वर्षं पायी चालणाऱ्या माणसांना ‘यंदा चालू नका’ असं सांगणं सोपं नव्हतं. पण संस्थानांशी आधीच बोलणी झाली, काय शक्य आहे ते ठरवलं गेलं, आणि १ जुलैच्या आषाढी एकादशीसाठी संतांच्या पादुका एसटीनं पंढरपुरी पोचल्या. वारकरी घरीच थांबले. कोणी अंगणात रिंगण केलं, कोणी टीव्हीसमोर टाळ घेऊन उभं राहिलं. डोळ्यांत पाणी होतं, पण अपमान झाल्याची भावना नव्हती. का? आम्हाला वाटतं, कारण साधं होतं. कारण सांगितलं गेलं, ते पटलं, आधी विचारलं गेलं, आणि हे एका हंगामापुरतं आहे हे कळत होतं. पुण्यात १८९७ मध्ये यातली एकही गोष्ट झाली नव्हती.

तेव्हा आजच्या बोलण्याचं सार असं. फिरण्याच्या हक्कावर कोणी मर्यादा घातली की आपण पाच प्रश्न विचारायचे. ही कशासाठी आहे, आणि ते कारण उघड सांगितलंय का? अडवलं जातंय ते धोक्याला की माणसांच्या एका गटाला? जेवढं लागतं तेवढंच अडवलंय की जास्त? कधी संपणार? आणि चुकलं तर दाद कुठे? उत्तरं बरी मिळाली तर मर्यादा मान्य करायची. रुसून नव्हे, मनापासून. कारण फलक लावलेल्या पुलावर जाण्याचा हट्ट हे स्वातंत्र्य नव्हे. आणि मग सहावा प्रश्न, तो सरकारला नव्हे, स्वतःला विचारायचा: या मर्यादेची किंमत माझ्या वतीनं कोण भरतोय?

पहिले पाच प्रश्न विचारायला आपल्याला राज्यघटनेनं शिकवलं, न्यायालयांनी शिकवलं. सहावा प्रश्न कुठल्याही अनुच्छेदात नाही. तो ज्याचा त्यानं विचारायचा असतो, आणि तो २०२० मध्ये आम्ही वेळेवर विचारला नाही. हे इथे कबूल केल्याशिवाय हे व्याख्यान पुरं झालं असं आम्हाला म्हणता येणार नाही.

इथे थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ या.